जोस्कँ आणि त्याच्या परंपरेचे चर्चसंगीत कसे ऐकावे: पेटी-भजनावर वाढलेल्या कानांसाठी

वेंगुर्ल्याच्या बाजूला आमच्या वाडीत संध्याकाळी पेटीचा सूर लागला, की बुवांनी कोणता अभंग धरला आहे हे शेजारच्या चार घरांना पहिल्या ओळीतच समजते. चाल एकच असते. बुवा ती सांगतात, कोरस ती उचलतो, पखवाज आणि झांजा तिच्या मागून चालतात, आणि डबलबारीत समोरचे बुवा कितीही वेगळी चाल काढोत, त्या क्षणी कानापुढे ओळ असते ती एकच. अशा कानांवर पंधराव्या-सोळाव्या शतकांतले फ्रँको-फ्लेमिश चर्चसंगीत पहिल्यांदा पडते, तेव्हा होणारी तक्रार ठरलेली आहे: सगळे एकदम गात आहेत, गोड लागते आहे, पण चाल कुठली ते काही सापडत नाही. ही तक्रार मी स्वतः केली आहे आणि ज्यांना ज्यांना हे संगीत ऐकवले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी केली आहे. चाल सापडत नाही, कारण आपण एका गळ्यात ती शोधत असतो, आणि इथे ती चारही गळ्यांत वाटलेली असते. कोणताही गळा मुख्य नसतो आणि कोणताही साथीला नसतो. म्हणून ऐकण्याची रीतच बदलावी लागते. मुख्य ओळ शोधायची नाही. एक गळा निवडायचा आणि शेवटपर्यंत त्याचे बोट सोडायचे नाही. पुढे जे सांगतो आहे ते सगळे या एका गोष्टीसाठी आहे.

त्याआधी हे संगीत कुणाचे, ते थोडक्यात सांगतो. आजचा बेल्जियम, फ्रान्सचा उत्तर भाग आणि नेदरलँड्सचा दक्षिण भाग या पट्ट्यातला बराचसा मुलूख पंधराव्या शतकात बर्गंडीच्या ड्यूकांच्या ताब्यात होता. काँब्रे, ब्रुज, लिएज अशा गावांतल्या मोठ्या चर्चांमध्ये लहान मुलांना दाखल करून घेत, आणि लॅटिन, पारंपरिक एकसुरी स्तोत्रे आणि एका चालीवर दुसरी चाल रचण्याची विद्या त्यांना वर्षानुवर्षे शिकवत. या शाळांतून तयार झालेले गायक पुढे रोम, फेरारा, मिलान, फ्लॉरेन्स, म्युनिक असे जिथे जिथे पैसा आणि मान होता तिथे तिथे गेले, आणि सुमारे दोनशे वर्षे युरोपातल्या चर्चसंगीतावर त्यांचाच ठसा राहिला. त्यांच्यातले चार मोठे संगीतकार असे: गीयोम द्युफाय १४७४ मध्ये वारला, योहानेस ओकेगेम १४९७ मध्ये, जोस्कँ दे प्रे १५२१ मध्ये आणि ओर्लांदो दि लासो १५९४ मध्ये. ही चार नावे लक्षात ठेवली तरी वाट चुकत नाही. काळाचा अंदाज आपल्या किनाऱ्यावरून घ्यायचा, तर ज्या १५२१ साली जोस्कँने डोळे मिटले, त्याच साली चौलला पोर्तुगीजांनी कोट बांधायला घेतला. रेवदंड्याच्या त्या कोटात पडक्या चर्चांच्या भिंती अजून उभ्या आहेत, आणि माडांच्या सावलीत त्या पाहताना हे संगीत किती जुने आहे ते तारखांपेक्षा लवकर उमगते.

तयारी

पहिली तयारी म्हणजे मोबाईलवरचा तानपुरा बंद ठेवणे. हे मुद्दाम सांगतो, कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. आम्ही चौघे पहिल्यांदा गायला बसलो, तेव्हा सवयीने पांढरी एकचा तानपुरा लावला. सुरुवातीच्या दोन ओळी छान जुळल्या. पुढे जिथे टेनर आणि बास (खालचे दोन गळे) दुसऱ्याच सुरावर येऊन विसावतात, तिथे तानपुऱ्याचा सा मध्येच आडवा येऊ लागला आणि आम्ही अर्धा तास एकमेकांच्या सुराला दोष देत बसलो. तानपुरा बंद केल्यावर त्याच चार ओळी पहिल्या खेपेला जमल्या. आपल्याकडे षड्ज हे घराचे जोते असते. ते हलत नाही. इथे त्या त्या क्षणी सर्वांत खाली असलेला गळा जिथे उभा असेल ते जोते, आणि ते पावलागणिक हलते.

दुसरी तयारी जागेची. हे संगीत दगडी भिंतींच्या उंच इमारतींसाठी रचलेले आहे; तिथे गळा थांबला तरी सूर काही क्षण घुमत राहतो. कौलारू घरात आवाज कौलांच्या फटींतून निघून जातो आणि पावसाळ्यात पत्र्यावरच्या सरींपुढे तो ऐकूच येत नाही. म्हणून निदान पहिले काही दिवस चांगले हेडफोन लावून, रात्री जेवणे आटोपल्यावर, दिवा मंद करून ऐकावे. रेकॉर्डिंग आधीच उतरवून ठेवावे, कारण आमच्याकडे ऐन वेळी रेंज जाते आणि पाच मिनिटांची रचना तीनदा अडखळली की मन उठते. एका बैठकीत एकच रचना ऐकावी. ‘पवित्र संगीताचे दोन तास’ असल्या याद्या लावून ठेवणे हा या संगीताला पार्श्वसंगीत करून टाकण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

पहिली रचना आणि तिचे चार फेरे

सुरुवात जोस्कँच्या ‘आवे मारिया, विर्गो सेरेना’ या रचनेपासून करावी. ओत्ताविआनो पेत्रुच्ची या मुद्रकाने १५०२ साली व्हेनिसमध्ये लॅटिन प्रार्थनागीतांचा आपला पहिला संग्रह छापला, तेव्हा त्यात सर्वांत पुढे ही रचना ठेवली होती, आणि ती निवड किती योग्य होती हे पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळते. साधारण पाच मिनिटांची रचना आहे. गळे चार: सर्वांत वरचा सोप्रानो, त्याखाली आल्टो, मग टेनर आणि तळाला बास. वाद्य एकही नाही.

पहिल्या फेऱ्यात फक्त सुरुवात ऐकावी. वरचा गळा एकटा ‘आवे मारिया’ म्हणतो. पंचमावरून तो वरच्या षड्जावर उडी घेतो आणि तिथून पुढे सरकतो. त्याची ओळ संपत आलेली असताना आल्टो तीच ओळ उचलतो, मग टेनर, मग बास. पुढचे शब्द ‘ग्रात्सिया प्लेना’. चाल नवी, पण क्रम तोच, वरून खाली. ‘दोमिनुस तेकुम’ला पुन्हा नवी चाल, पुन्हा वरून खाली. चौथ्या तुकड्यात, ‘विर्गो सेरेना’ला, ओळी एकमेकींवर चढतात, सूर छोटे छोटे होत धावू लागतात आणि चारही गळे पहिल्यांदाच एकत्र येऊन थांबतात. हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. गणपतीत घर भरलेले असले, की ओटीवरची माणसे आरतीची ओळ पूर्ण करतात तेव्हा मागे पडवीतली माणसे अर्धी ओळ मागे असतात, आणि क्षणभर तीच चाल स्वतःच्याच पाठीवर उभी असल्यासारखी ऐकू येते. आरतीत ते आपोआप घडते आणि सूर कुठेही कसेही भिडतात. जोस्कँने मात्र ओळ अशी बेतली आहे, की मागून येणारी तीच ओळ पुढच्या ओळीशी प्रत्येक क्षणी सुरेल जुळली पाहिजे. बुवांची ओळ संपायच्या आत कोरसने ती उचलली आणि दोन्ही ओळी एकमेकींना शोभल्या, तर जे होईल ते हे.

दुसऱ्या फेऱ्यात टेनर धरावा. पुरुषांचा हा मधला गळा पहिल्यांदा हातून निसटतो, हे धरून चालावे. निसटला की मागे जाऊ नये. पुढे ‘आवे’ हा शब्द पुन्हा येतो तिथे त्याला गाठावे. ओठ मिटून त्याच्याबरोबर गुणगुणत राहिले, तर तो सहसा सुटत नाही. तिसऱ्या फेऱ्यात बास धरावा. त्याला फार काही गायचे नसते असे वाटते. पण तो गप्प असतो तेव्हा वरचे गळे अधांतरी तरंगतात आणि तो आला की खाली जमीन येते. हे जाणवू लागले, की अर्धे काम झाले.

चौथ्या फेऱ्यात एकही गळा धरायचा नाही. या क्षणी किती जण गात आहेत, एवढेच मोजत जायचे. प्रार्थनेच्या मधल्या भागात पाच कडवी आहेत, प्रत्येक ‘आवे’ने सुरू होणारे, आणि ती मरियेच्या आयुष्यातल्या पाच प्रसंगांवर आहेत: तिचे गर्भात येणे, जन्म, देवदूताचा निरोप, शुद्धीकरण आणि स्वर्गारोहण. जोस्कँ कुठे दोनच गळे ठेवतो, कुठे त्यांना दुसऱ्या दोघांकडून उत्तर देववतो, आणि शब्दांत आनंद भरून आला की चौघांना एकत्र आणतो. रंग भरायला त्याच्याकडे दुसरे साधन नाही, वाद्य नाही, ठेका नाही. गळ्यांची संख्या हेच त्याचे साधन आहे. पाचांपैकी चौथ्या कडव्यात, ‘आवे वेरा विर्गिनितास’ला, लय तीन मात्रांच्या झोक्यावर येते आणि सगळे बरोबरीने चालले आहेत असे वाटते. तिथे टेनरकडे कान द्यावा. वरच्या गळ्याची तीच चाल, पंचमाच्या अंतरावर खाली, एकाच मात्रेने मागे राहून तो शेवटपर्यंत गात असतो. मी हे कडवे वर्षभर ऐकले होते, आणि हे कळले ते टेनर स्वतः गायला लागल्यावर.

सम नाही, टाळी आहे

सम कुठे येते ते शोधू नये, कारण आवर्तनच नाही. मूळ हस्तलिखितांत तालाच्या उभ्या रेघाही नसतात. प्रत्येक गळ्याचा जोर त्याच्या त्याच्या लॅटिन शब्दांवर पडतो, त्यामुळे एकाचा जोर दुसऱ्याच्या श्वासावर येतो आणि गाणे कुठेही थबकत नाही. मात्र लय पक्की असते. हात खाली, हात वर, एवढीच खूण गायक ठेवत, आणि फ्रांकिनो गाफुरियो या शास्त्रकाराने १४९६ साली ती लय शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीबरोबर ठेवली. ऐकताना मांडीवर हात ठेवून हीच टाळी-खाली द्यावी. ठेका मनात घालू नये. केरवा बसवून पाहिलात, तर दुसऱ्याच ओळीत तो उलटा पडेल.

पेटीवर करायचा एक प्रयोग

या संगीतात थांबण्याच्या जागा कशा घडतात, हे पेटीवर दोन बोटांनी समजते, आणि ते समजल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे मत आहे. डाव्या हाताने भाता ठेवावा. उजव्या हाताच्या करंगळीने तार सा धरावा आणि अंगठ्याने मध्य ग. कानाला बरे वाटते. आता करंगळी न हलवता अंगठा ग वरून रे वर आणावा. तार सा आणि मध्य रे एकत्र वाजू लागताच दोघांत एक खुपणारा ताण तयार होतो. तो एक मात्रा तसाच राहू द्यावा. मग वरचा सा एक पायरी उतरून नि वर आणावा. ताण सैल होतो. शेवटी नि पुन्हा तार साकडे आणि रे मध्य साकडे, दोन्ही एकदम न्यावेत. दोन षड्ज, एक वर एक खाली, आणि सगळे स्वच्छ.

ही चार पावले या दोनशे वर्षांच्या संगीतात हजारो वेळा येतात. एक गळा जुन्या सुरावर अडून राहतो, दुसरा पुढे जाऊन त्याला खुपतो, आणि अडून राहिलेल्याला खाली उतरावेच लागते. खुपणारा सूर अचानक कधी येत नाही. तो आधी गोड असतो, शेजारी हलल्यामुळे खुपू लागतो, आणि पायरीनेच उतरतो. प्रयोग दहा-वीसदा करून मग ‘आवे मारिया’ लावावी. प्रत्येक विश्रांतीच्या आधी हा ताण ओळखीच्या माणसासारखा भेटू लागतो. जिथे नि मूळचा कोमल असतो, तिथेही अशा जागी गायक तो शुद्ध करून गात. कागदावर ते पुष्कळदा लिहिलेलेच नसे; शिकलेल्याला ते ठाऊक असणार, हे गृहीत असे. आपल्याकडे गुरूने तोंडी सांगितलेली जागा वहीत नसते, तसेच ते आहे.

पेटीची एक मर्यादाही इथेच सांगायला हवी. पेटीचा शुद्ध गंधार किंचित चढा असतो. चार गळे वाद्याविना गातात, तेव्हा चांगले गायक त्या गंधाराला थोडा खाली आणून षड्जात मिसळवून टाकतात. ज्यांनी नीट जुळवलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेत स्वयंभू गांधार ऐकला आहे, त्यांना हा सूर सांगावा लागणार नाही, तोच तो. द्युफायच्या पिढीने गंधाराच्या या गोडव्याला गाण्यात जी जागा दिली, तिच्यामागे इंग्लंडकडून आलेल्या संगीताचा प्रभाव असल्याचे त्या काळच्याच एका फ्रेंच कवीने नोंदवून ठेवले आहे.

सुरावटीचा अंदाज येण्यासाठी थाटांचा आधार घ्यायला हरकत नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर रे पासून रे पर्यंत गेल्यास आपल्या काफीचे सूर मिळतात, ग पासून भैरवीचे, म पासून कल्याणचे आणि प पासून खमाजचे; त्या काळचे चर्चसंगीतातले स्वरसमूह मुख्यतः या चार आधारांवर उभे होते. पण त्यात राग शोधू नये. वादी-संवादी, पकड, वेळ यांतले काही तिथे नाही, आणि भैरवीचे सूर ऐकून मैफल संपल्यासारखे वाटले, तर तो दोष त्या रचनेचा नव्हे.

मिस्सा कशी ऐकावी

मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना, हा शब्द आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. संगीतकार मिस्सा रचतो म्हणजे त्या उपासनेतले दररोज न बदलणारे पाच पाठ स्वरबद्ध करतो: ‘कीरिए’, ‘ग्लोरिया’, ‘क्रेदो’, ‘सांक्तुस’ आणि ‘आन्युस देई’. पहिले दोन सोडले, तर हे पाठ उपासनेत एकामागून एक सलग येत नाहीत. मध्ये वाचने, प्रवचन, इतर विधी असतात. म्हणून ते एकमेकांशी जोडलेले वाटावेत यासाठी या संगीतकारांनी एक युक्ती रूढ केली: पाचही पाठांच्या पोटात एकच ओळखीची चाल ठेवायची. बहुधा ती टेनरकडे असते. टेनर या शब्दाचा अर्थच धरून ठेवणारा.

ती चाल चर्चमधलीच असली पाहिजे, असे नव्हते. द्युफायने स्वतःच्याच एका प्रेमगीतावर, ‘स ला फास आय पाल’वर, मिस्सा रचली, त्या गीतात चेहरा फिका पडल्याचे कारण प्रेम आहे, असे म्हटले आहे. तिच्या ‘ग्लोरिया’त आणि ‘क्रेदो’त टेनर ही चाल तीन वेळा गातो: पहिल्यांदा तिप्पट संथ, मग दुप्पट संथ, मग मूळ लयीत. ठाय-दुगुन ज्यांच्या अंगात आहे, त्यांच्यासाठी ही मिस्सा म्हणजे मोठा आनंद आहे. पहिल्या वेळी चाल इतकी ताणलेली असते, की ती चाल आहे हे कळत नाही. तिसऱ्या वेळी ती पाण्यातून वर यावी तशी वर येते. आधी मूळ गीत चार-पाचदा ऐकून पाठ करावे आणि मगच मिस्सा लावावी, नाहीतर ही सगळी गंमत हुकते. ‘लोम आर्मे’ नावाच्या एका लढाईच्या गाण्यावर तर चाळीसहून अधिक मिस्सा रचल्या गेल्या. अनेक मोठ्या संगीतकारांनी त्या चालीवर आपला हात आजमावून पाहिला, जशी एखादी जुनी ठुमरी प्रत्येक गवई आपल्या परीने मांडून पाहतो.

पेटीवर वाजवण्यासारखी सर्वांत सोपी चाल जोस्कँच्या ‘मिस्सा एर्कुलेस दुक्स फेरारिए’ची आहे. फेराराचा ड्यूक एर्कोले याच्या नावातले स्वर (अ-आ-इ-ई मधले, गाण्यातले नव्हेत) घेऊन जोस्कँने ती बनवली. त्या काळी युरोपात सूर उच्चारायला ‘उत, रे, मी, फा, सोल, ला’ अशी सहाच अक्षरे होती; ‘एर्कुलेस दुक्स फेरारिए’ या शब्दांतले ए, उ, ए, उ, ए, आ, ई, ए हे स्वर ज्या अक्षरांत येतात ती ओळीने लिहिली, की ‘रे उत रे उत रे फा मी रे’ मिळते. आपल्या सरगमीत रे सा रे सा रे म ग रे. पाच मिनिटांत पाठ होते. मिस्सा ऐकताना टेनर ती प्रथम या जागेवरून, मग पाच सूर वरून, मग तार सप्तकातून पुन्हा पुन्हा गातो, आणि एकदा कानाला ती लागली की सर्व गर्दीतून ती ऐकू येत राहते. नवख्या माणसाला टेनर कसा धरायचा हे शिकवायला माझ्याकडे याहून चांगला धडा नाही. या ड्यूकाला त्याच्या एका माणसाने १५०२ साली पत्राने कळवले होते, की हाइनरिख इझाक हा संगीतकार मनमिळाऊ आहे, झटपट रचतो आणि १२० डुकाट (सोन्याची नाणी) घेईल. जोस्कँ त्याच्याहून चांगले रचतो खरा, पण स्वतःच्या मनाला येईल तेव्हा रचतो आणि २०० डुकाट मागतो. ड्यूकाने जोस्कँला बोलावले.

यानंतर जोस्कँचीच ‘मिस्सा पान्जे लिंग्वा’ ऐकावी. तिच्यात एका जुन्या लॅटिन स्तोत्राची चाल टेनरपुरती न राहता चारही गळ्यांत झिरपलेली आहे. आधार भैरवीच्या सुरांचा. सुरुवातीलाच कोमल ऋषभाचा तो अर्धा सूर ऐकू येतो. ‘कीरिए’त खालचे दोन गळे आधी आणि वरचे दोन मागून येतात. ‘कीरिए’ तीनेक मिनिटांचे आहे. आठवडाभर तेवढेच ऐकले तरी पुरे.

चौघांनी मिळून गाणे

ऐकण्याची खरी पुरती तालीम गाण्यात होते, आणि त्यासाठी नोटेशन वाचता आलेच पाहिजे, असे नाही. ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’ या संकेतस्थळावर ‘आवे मारिया’ची स्वरलिपी मोफत मिळते. चर्चच्या कोयरमध्ये गाणारे कुणी ओळखीचे असेल, तर त्याच्याकडून प्रत्येक गळा सरगमीत उतरवून घ्यावा. लांबलेल्या सुरापुढे नेहमीप्रमाणे आडव्या रेघा द्याव्यात. चारही गळे एकाखाली एक लिहू नयेत. त्या काळी एका मोठ्या पोथीभोवती सगळे गायक उभे राहत. डाव्या पानावर वर सोप्रानो आणि खाली टेनर, उजव्या पानावर वर आल्टो आणि खाली बास, असे गळे सुटे लिहिलेले असत. दुसरा काय गातो ते कागदावर समोरासमोर दिसत नसे, त्यामुळे ऐकावेच लागे. आपली भजनाची वही अशीच सगळ्यांच्या मध्ये पडलेली असते, म्हणून ही पद्धत आम्हांला लगेच मानवली.

पट्टी ठरलेली नाही. चौघांना झेपेल ती घ्यावी. त्या काळी चर्चमध्ये वरचा गळा मुलगे किंवा वरच्या सुरात गाणारे पुरुष गात. आज तो बायकांनी गावा. आधी सोप्रानो आणि टेनर या दोघांनीच बसावे, कारण मघाच्या प्रयोगातल्या विश्रांतीच्या जागा बहुतेक या दोघांत घडतात. ते पक्के झाले की बास घ्यावा आणि सर्वांत शेवटी आल्टो. सुरावर सरळ उभे राहावे. मींड, हरकत, गमक सुरुवातीला पूर्ण वर्ज्य, कारण एक गळा हलला की चौघांची जुळणी विस्कटते. ज्यांचा गळा भजनात कमावलेला आहे, त्यांना ही अट सर्वांत जड जाते. आमच्या टेनरला, म्हणजे मला, तीन महिने लागले. आवाज इतकाच ठेवावा, की उरलेले तिघे ऐकू येतील. स्वतःचा आवाज सर्वांत मोठा ऐकू येत असेल, तर तो जास्त आहे. जागा म्हणून चिऱ्याच्या भिंतींची, स्लॅबची रिकामी खोली चांगली. जवळ जुने चर्च असेल तर फादरांची परवानगी घेऊन संध्याकाळची मिस्सा आटोपल्यावर एकदा तिथे गाऊन पाहावे. घरी तुटक वाटणारी रचना तिथे आपली आपण जोडली जाते.

पुढची वाट थोडक्यात सांगतो. ओकेगेमची ‘मिस्सा प्रोलात्सिओनुम’ घ्यावी. तिच्यात कागदावर दोनच गळे लिहिलेले आहेत आणि त्यांतून चार गळे वेगवेगळ्या लयींत निघतात. हिलियर्ड एन्सेंबल या गायकवृंदाचे तिचे रेकॉर्डिंग शांत आणि स्वच्छ आहे. ओकेगेम वारल्यावर जोस्कँने ‘नँफ दे ब्वा’ हे शोकगीत रचले. बाकीचे गळे फ्रेंचमध्ये विलाप करतात आणि टेनर मृतासाठीची लॅटिन प्रार्थना गातो, आणि मध्ये जोस्कँ, ब्र्युमेल, ला र्‍यू, काँपेर या संगीतकारांना नावाने हाक मारून शोकाची वस्त्रे घालायला सांगितले जाते. माणसे माणसांसाठी रडत आहेत हे भाषा न कळताही कळते. आंत्वान ब्र्युमेलची बारा गळ्यांची भूकंपाची मिस्सा त्यानंतर ऐकावी, आधी नको. निकोला गोंबेर गळ्यांना विश्रांती फारशी देत नाही, त्यामुळे त्याचे संगीत आमच्या आषाढातल्या आभाळासारखे भरून येते. त्याला सवड द्यावी लागते. लासोचे ‘लाग्रिमे दि सान प्येत्रो’, सात गळ्यांचे, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १५९४ साली पूर्ण झालेले, येशूला नाकारल्यावर पेत्राला झालेल्या पश्चात्तापावर आहे. ते इटालियनमध्ये आहे, फक्त शेवटची रचना लॅटिनमध्ये. ते शब्दांचा अर्थ हाती घेऊनच ऐकावे. टॅलिस स्कॉलर्स या इंग्लिश गायकवृंदाने जोस्कँच्या सगळ्या मिस्सा रेकॉर्ड केल्या आहेत, त्यांत वर्षभर सहज जाते.

गायला बसाल त्या संध्याकाळी ‘आवे मारिया’च्या शेवटाकडे विशेष लक्ष द्यावे. पाच कडवी संपल्यावर सगळे थांबतात. मग इतका वेळ एकमेकांच्या मागे धावणारे चारही गळे पहिल्यांदाच एकाच अक्षरावर, एकाच वेळी, लांब सुरांत म्हणतात: ‘ओ मातेर देई, मेमेंतो मेई’, हे देवाच्या माते, माझी आठवण ठेव. इथे कुणाचाही आवाज पुढे येता कामा नये आणि घाईही नको. ‘आमेन’च्या शेवटच्या सुरात गंधार नाही, फक्त षड्ज आणि पंचम आहेत, तानपुऱ्यात असतात तसे. आल्टोने आणि टेनरने इथे गोडव्यासाठी काही भर घालू नये. षड्ज-पंचम नीट मिळाले आहेत अशी चौघांची खात्री होईपर्यंत तो सूर धरावा, बासने सर्वांत शेवटी सोडावा, आणि भिंतींतला घुमार विरेपर्यंत कुणी वहीचे पान उलटू नये.